पाठीमागचा आवाज

ग्राहकसेवेच्या एका कॉलचं रेकॉर्डिंग सुरू होऊन दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली आणि पाऊस आला. आधी पाच-सहा टपोरे थेंब, एकेक मोजता यावा असे. मग एकदम सगळा पत्रा वाजायला लागला. ज्यांनी पत्र्याच्या घरात पावसाळा काढलाय त्यांना तो आवाज सांगायला नको. शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. माझ्या कानाला हेडफोन होता, त्यामुळं तो पाऊस माझ्याच डोक्यावर पडायलाय असं वाटलं.

तक्रार कर्जाच्या हप्त्याची होती. एकाच महिन्यात खात्यातून दोनदा हप्ता कापला गेला होता. फोन करणारे गृहस्थ वयस्कर, उदगीरकडचे. फोन घेणारी मुलगी औसा तालुक्यातल्या एका गावातून, स्वतःच्या घरातून बोलत होती. पाऊस आल्यावर ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "काका, आमच्याकडं पाऊस आला. पत्र्याचं घर हाय, आवाज येईल तुम्हाला. मला तुमचं नीट ऐकू येतंय, सावकाश सांगा."

तिकडून काका म्हणाले, "पडू दे माय, पडू दे. आमच्याकडं पंधरा दिस झाले, थेंब न्हाई. सोयाबीन माना टाकायलंय."

आणि मग आधी दोन मिनिटं जे चिडून, तुकड्या-तुकड्यानं सांगत होते, ते सगळं त्यांनी पहिल्यापासून नीट सांगितलं. पहिला हप्ता कुठल्या तारखेला गेला, दुसरा कुठल्या तारखेला, मधे बँकेत किती चकरा झाल्या, तिथं कोण काय म्हणालं. तिनं दोन्ही नोंदी काढून बघितल्या. दुसरी रक्कम कशी परत येईल, किती दिवसांत येईल ते सांगितलं. तक्रारीचा नंबर दोनदा सांगितला आणि त्यांनी लिहून घेतलेला परत वाचून घेतला. कॉल नऊ मिनिटांचा झाला.

मी कॉल सेंटरच्या क्वालिटी विभागात आहे. रोज ठरावीक रेकॉर्डिंग ऐकायची आणि फॉर्मप्रमाणं गुण द्यायचे, हे माझं काम. नमस्कार नीट केला का, ओळख पडताळली का, माहिती बरोबर दिली का, नोंद पूर्ण लिहिली का. काही चुका फेटल असतात, ती एक चूक झाली की अख्खा कॉल शून्य. त्या फॉर्मात एक रकाना होता, 'पाठीमागचा आवाज : आहे / नाही'. तो फेटल नव्हता, पण त्याला दहा गुण होते. मी 'आहे'वर खूण केली. नऊ मिनिटांच्या कॉलला वेळेचेही गुण कापले गेले. त्या महिन्यात तिचा इन्सेंटिव्ह थोडक्यासाठी हुकला.

त्या खुणेवरून माझा हात अजून निघालेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

माझी सुरुवात पुण्यातली. आठ वर्षं मी फ्लोअरवर काढली, आधी फोन घेण्यात आणि नंतर कॉल तपासण्यात. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू लागायच्या आदल्या दिवशी ऑफिसनं दिलेला मॉनिटर चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी लातूरला आले. वाटलं होतं, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. त्याआधी फोनवरचं काम घरून करणं इतकं सोपं नव्हतं. दूरसंचार खात्याकडं कॉल सेंटरची नोंदणी लागायची, घरी बसून बोलणाऱ्यांसाठी वेगळ्या अटी होत्या, वर बँक हमी होती. मार्च २०२० मध्ये त्यात तात्पुरती सूट मिळाली आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीची आणि हमीची अट काढूनच टाकली. घरी बसलेला एजंट हा त्या सेंटरचाच दूरवरचा एजंट, असं नियमानंच मान्य केलं.

या बदलानं आमच्या भागात काय झालं, ते पुण्या-मुंबईच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. तिकडं लोक ऑफिसातून घरी गेले. इकडं ऑफिस पहिल्यांदाच घरी आलं. बी.ए. होऊन सासरी आलेल्या, गावापासून तालुक्याला रोज जाणं ज्यांना कधी जमलंच नसतं अशा मुलींच्या हाती पगार आला. लातूर, नांदेड, परभणी, बीड, आमच्या टीममध्ये एकेका जिल्ह्याच्या तीन-चार तरी आहेत. दुष्काळाच्या वर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारं गाव आणि हेडसेट लावून मराठीत बँकेचे कॉल घेणारी त्याच गावची सून, हे दोन्ही मी एकाच वर्षात बघितलं आहे. म्हणून घरून काम करणाऱ्यांमुळं ग्राहकसेवेचा दर्जा घसरला असं कुणी सहज बोलून जातं, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

दर्जा म्हणजे तरी काय, हे आधी बघायला पाहिजे. फोनवरच्या सेवेचं मोजमाप फार जुनं आहे. ए. के. एरलांग नावाचे डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते. एकाच वेळी किती लोक फोन करतील आणि त्यांना फार थांबावं लागू नये म्हणून किती लाइनी, किती ऑपरेटर लागतील, याचं गणित त्यांनी १९०९ आणि १९१७ च्या निबंधांत मांडलं. आजही आमचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, त्याच गणितावर लागतं. ८० टक्के कॉल २० सेकंदांच्या आत उचलायचे, हा बहुतेक कॉल सेंटरचा रूढ दंडक आहे. आपल्याकडं मोबाइल कंपन्यांसाठी ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, नियमच केलाय, प्रत्यक्ष माणसाशी बोलायचे ९५ टक्के कॉल ९० सेकंदांत उचलले गेले पाहिजेत.

हे सगळे दंडक सेकंदांचे आहेत. सेकंद मोजणाऱ्या यंत्राला तुम्ही हडपसरला बसलात की हासेगावला, याच्याशी घेणंदेणं नसतं. घरून काम सुरू झाल्यावर आमचे सेकंद बिघडले नाहीत, उलट सुधारले. लॉगिन वेळेवर व्हायला लागलं, कारण बस चुकायचा प्रश्नच राहिला नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरात याचा रीतसर प्रयोगच झाला होता, तोही साथीच्या दहा वर्षं आधी. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी त्यात होते. सम जन्मतारखेचे घरी, विषमवाले ऑफिसात, असे नऊ महिने. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जायचं प्रमाण निम्म्यावर आलं. वाढ मुख्यतः ब्रेक आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यानं होती, थोडी मिनिटाला जास्त कॉल झाल्यानं. घरी शांतता जास्त असते, असं लोकांनी सांगितलं.

घरी शांतता जास्त असते, हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. मग त्या प्रयोगाची अट वाचली. घरून काम करायचं तर स्वतंत्र खोली असली पाहिजे, ही अट होती.

ती अट आमच्याकडं लावली तर किती जणी उरतील?

पत्र्याच्या घराबद्दल थोडं सांगते, कारण हा भाग कळल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. आमच्या औसा, उमरगा, लोहारा या पट्ट्यात पूर्वी माळवदाची घरं असायची. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार आणि आत इतकं शांत, की बाहेर बैलगाडी गेली तरी आत कळत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर भागात भूकंप झाला आणि तीच जाड भिंत, तेच मातीचं माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं लोक घराबाहेर, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपत. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, अजून म्हणतात, "पत्रा अंगावर पडला तर खोक पडंल, माणूस जात न्हाई." मग ज्यांना जमलं त्यांनी स्लॅब टाकला, ज्यांना नाही जमलं ते पत्र्यातच राहिले. तेव्हा त्या मुलीच्या डोक्यावरचा पत्रा नुसता गरिबीचा नाही. जिवाच्या भीतीनं तो तिथं आलेला आहे. त्या पत्र्यावर पाऊस वाजला म्हणून मी तिचे दहा गुण कापले होते.

पुढं दिवाळीनंतर मी तिच्या गावी गेले. कामासाठी नाही, सहज, लामजन्याला पाहुण्यांकडं गेले होते तिथून. घरात एकच मोठी खोली आणि मागं धान्याच्या पोत्यांची अडगळ. त्या अडगळीत, सोयाबीनची पोती रचलेल्या कोपऱ्यात तिनं टेबल मांडलं होतं. तिन्ही बाजूंनी वाकळा टांगलेल्या. जुन्या लुगड्यांच्या, पाच-सहा पदरी, हातानं शिवलेल्या. मी विचारलं तर म्हणाली, "नुस्त्या पत्र्यात आवाज घुमतो मॅडम. वाकळ लावली की घुमत न्हाई." तिला कुणी शिकवलं नव्हतं. जाड, मऊ, अनेक पदरांचं कापड आवाज शोषतं, म्हणूनच रेकॉर्डिंगच्या खोल्यांना आतून तसं अस्तर असतं. तिनं ते सासूच्या हातच्या वाकळांनी केलं होतं.

टेबलाशेजारी एक छोटा पंखा होता. मी हात लावून बघितला, त्यावर धूळ बसलेली. मे महिन्यात लातूर जिल्ह्यात पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. मी म्हटलं, पंखा चालत नाही का? ती म्हणाली, "चालतोय की. पण कॉलवर घरघर येते. मार्क जातेत."

मला त्या खोलीत उभं राहवेना.

आता दुसरी बाजू सांगते, कारण घरातले सगळेच आवाज सारखे नसतात. एकदा एका रेकॉर्डिंगमध्ये ग्राहकानं आपला मोबाइल नंबर सांगितला. नियमाप्रमाणं आमच्या एजंटनं तो मोठ्यानं परत म्हणून दाखवला. आणि तिच्या पाठोपाठ, अगदी तिच्याच चालीवर, एका लहान पोरानं तोच नंबर म्हटला. मग जन्मतारीख. तीही पोरानं म्हटली. पाढे म्हणावेत तशी. आवाज फार गोड होता आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण पोराच्या कानावर जे गेलं ते आत्याच्या, शेजारणीच्या, अंगणात बसलेल्या कुणाच्याही कानावर गेलेलं असणार. गावात कुणाचा हप्ता थकलाय, कुणाच्या नावावर किती कर्ज आहे, ही माहिती किती जपायची असते हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. ग्राहक आपला माणूस समजून फोनवर ती सांगतो.

त्या कॉलला मी शून्य दिला आणि आजही देईन. पण चूक पोराची नव्हती आणि निम्मी तरी त्या एजंटचीही नव्हती. नंबर मोठ्यानं परत म्हणायचा, हा नियम आमचाच होता. चार भिंतींच्या ऑफिसात, जिथं आजूबाजूला सगळे हेच काम करणारे, तिथं तो ठीक होता. घरात तोच नियम घातक ठरतो. ग्राहकानं नंबर बोलण्याऐवजी फोनची बटणं दाबून टाकावा, एजंटच्या पडद्यावर शेवटचे चार आकडेच दिसावेत, तोंडानं फक्त 'बरोबर आहे, नोंद झाली' एवढंच म्हणावं, हे सगळं तंत्र उपलब्ध आहे. कार्डाच्या व्यवहारात तर मागचा तीन आकडी नंबर रेकॉर्डिंगमध्येसुद्धा साठवायचा नाही, असा कार्ड कंपन्यांचा जगभरचा नियमच आहे. आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ग्राहकाची माहिती सांभाळायची जबाबदारी टाकलीय ती माहिती घेणाऱ्या कंपनीवर, एजंटच्या सासूवर नाही.

मला इथं आठवतात गावातले एसटीडीचे बूथ. पिवळ्या पाटीचे. मी शाळेत असताना आमच्या गावात एकच होता, एका किराणा दुकानात. दुकानात उभं राहायला जागा नव्हती, तरी फोनसाठी काचेचं दार असलेली छोटी खोली होती. आत माणूस गेला, दार लावलं की बाहेर नुसते ओठ हललेले दिसायचे. मुलीकडचे लोक काय म्हणाले, दवाखान्यातून काय निरोप आला, हे ज्याचं त्याच्यापाशी राहावं, एवढी काळजी त्या किराणा दुकानदारानंही घेतली होती. एका मिनिटाच्या फोनसाठी जी काच मिळत होती, ती आठ-आठ तास लोकांची गुपितं ऐकणाऱ्या मुलीला कुणी दिलेली नाही.

लाइटीचं आणि नेटचं दुखणं वेगळं. लाइट गेली की राउटर बंद आणि कॉल तुटला. यावर राउटरला जोडायची बारकी बॅटरी मिळते, ती तासभर तरी तग धरते. आमच्या बहुतेक मुलींनी ती पदरच्या पैशानं घेतली. नेटच्या बाबतीत लोकांचा एक गैरसमज असतो की फार वेगवान नेट पाहिजे. एका कॉलला सेकंदाला शंभरेक किलोबिट पुरतात. वेगापेक्षा सलगपणा लागतो. तोंडातून निघालेला शब्द समोरच्याच्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर कुणाला काही जाणवत नाही. त्याच्या फार पुढं गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात आणि ग्राहकाला वाटतं, ही बाई मला बोलूच देत नाही. त्याच राउटरवर दिरानं क्रिकेटची मॅच लावली की एवढं व्हायला पुरतं. अशा कॉलला आम्ही 'मधे बोलणे' या रकान्यात गुण कापत आलो. ती उद्धट नव्हती. तिचा शब्द उशिरा पोचत होता.

पण तुटलेल्या कॉलचा खरा त्रास ग्राहकाला होतो तो दुसरा फोन लावल्यावर. पुन्हा एक दाबा, दोन दाबा, पुन्हा नाव, पुन्हा जन्मतारीख, पुन्हा 'काय तक्रार आहे आपली?' माणूस तक्रारीपेक्षा ती पाच वेळा सांगण्यानं जास्त थकतो. आमच्या टीममधली एक परभणीची मुलगी ग्राहक बोलत असतानाच ओळीओळीनं नोंद लिहीत जाते, शेवटासाठी राखून ठेवत नाही. लाइट गेली तर मोबाइलवरून टीएलला, म्हणजे टीम लीडरला, कळवते आणि टीएल दहा मिनिटांच्या आत दुसऱ्या कुणाकडून तरी त्या ग्राहकाला फोन करवतो. फोन करणारी नोंद वाचते आणि म्हणते, 'तुमचं बोलणं अर्धवट राहिलं होतं, पुढं सांगा.' त्या 'पुढं सांगा'नंतर ग्राहकाचा आवाज कसा बदलतो, ते मी कितीदा ऐकलंय.

घरून काम करताना दर्जा खरोखर कुठं घसरला असेल, तर तो शेजारच्या खुर्चीपाशी. पुण्याच्या फ्लोअरवर मी नवीन होते तेव्हा अडलं की म्यूट दाबून शेजारच्या ताईला विचारायचं. ती स्वतःच्या कॉलवर असली तरी डोळ्यानं, बोटानं सांगायची, तिसऱ्या टॅबमध्ये बघ. पाच सेकंदांचं काम. तेच आता चॅटवर लिहायचं, टीएल तेव्हाच इतर चौदा जणींच्या चॅटमध्ये, मग उत्तराला तीन-चार मिनिटं. तेवढा वेळ ग्राहक होल्डवरचं संगीत ऐकतो. घरून लागलेल्या नव्या मुलींच्या कॉलमध्ये होल्ड जास्त असतो, हे मी वर्षानुवर्षं ऐकतेय. त्यांना काही येत नाही असं नाही, त्या एकट्या आहेत. एक शिवी खाऊन कॉल संपला की फ्लोअरवर कुणीतरी पाण्याची बाटली पुढं करायचं. घरी तो कॉल संपतो आणि पुढचा वाजतो. शांघायच्या त्या प्रयोगातही शेवटी ज्याला हवं त्याला निवड करू दिली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले बरेच जण परत ऑफिसात गेले. एकटेपणा हे त्याचं एक मोठं कारण होतं.

आम्ही यावर एक केलं. नवीन मुलीला पहिले दोन महिने एका जुन्या मुलीशी जोडून दिलं. दोघींची लाइन दिवसभर उघडी, आवाज बंद. अडलं की आवाज उघडायचा आणि विचारायचं. यासाठी काही मोठं यंत्र लागलं नाही. वरच्यांनी जुन्या मुलीचे दिवसाचे थोडे कॉल कमी करायला मान्यता द्यायला मात्र सहा महिने लागले.

आणि भाषा. हे मी सगळ्यांत मनापासून सांगते. आमच्या फॉर्ममध्ये एमटीआय म्हणून एक रकाना होता, म्हणजे बोलण्यात मातृभाषेची छटा येते का. इंग्रजी कॉलसाठी बनवलेला रकाना मराठी कॉललाही तसाच चिकटवला होता. मराठी बोलताना मराठीची छटा आली म्हणून गुण कापायचे! 'बघायलेय' म्हटलं की गेला गुण. 'बघत आहे' म्हटलं पाहिजे. 'आपण लाइनवर राहिल्याबद्दल आपले आभार', 'मी आपल्याला अजून काही साहाय्य करू शकते का', असं मराठी आमच्याकडं कुणाच्या घरात बोललं जात नाही. ऑफिसात बसून ते जमायचं. घरात, अंगणातून आत्याबाईंची हाक ऐकू येत असताना तसं बोलणं मुलींच्या तोंडातून निघेना. हळूहळू त्या घरात बोलतात तसंच कॉलवर बोलायला लागल्या. "थांबा काका, बघायलेय मी. हां, सापडलं." आणि पलीकडचा माणूस मोकळा झाला. निलंग्याचा शेतकरी 'आपण' म्हणणाऱ्या आवाजापुढं अवघडतो, अर्धं सांगतो, 'बरं बरं' म्हणून फोन ठेवतो आणि आठ दिवसांनी पुन्हा लावतो. 'काका, सांगा' म्हणणाऱ्या मुलीला तो हेही सांगतो की पासबुक भरलंच नव्हतं सहा महिने. आणि तक्रारीचं मूळ तिथंच सापडतं. तो रकाना मी मराठी कॉलच्या फॉर्ममधून काढून टाकायला लावला. या नोकरीत मी केलेल्या कामांत मला याचा सगळ्यांत जास्त आनंद आहे.

पाठीमागच्या आवाजाचं भांडण जास्त चाललं. ज्यांचं काम आम्ही करतो त्यांच्या करारातच ते होतं, शांत वातावरण. मी म्हटलं, शांत वातावरण पाहिजे तर खोलीचं भाडं द्या, नाहीतर तालुक्याला चार-पाच काचेच्या खोल्यांची जागा घ्या, मुली तिथं येऊन बसतील. ऑफिस होतं तेव्हा जागेचा, एसीचा, जनरेटरचा खर्च कंपनीच करत होती ना. तो खर्च उचलून मुलींच्या घरात ठेवला आणि वर त्यांच्या घराला गुण द्यायला लागलो. ज्या मुलीचं घर स्लॅबचं, मुलांना वेगळी खोली, तिला दहापैकी दहा. वाकळा टांगून बसणारीला शून्य. यात काम कुठं तपासलं आपण?

पैसे मिळाले नाहीत. त्या खोल्याही झाल्या नाहीत. पण रकाना बदलला. आता तिथं दोन प्रश्न आहेत. आवाजामुळं ग्राहकाचं बोलणं अडलं का? आणि ग्राहकाची माहिती दुसऱ्या कुणाच्या कानावर गेली का? पहिल्याला थोडे गुण आहेत आणि एजंटनं ग्राहकाला स्वतःहून सांगितलं असेल तर ते कापायचे नाहीत. दुसरा फेटल आहे. नव्या फॉर्मवर मी तो जुना पावसाचा कॉल पुन्हा एकदा, फक्त माझ्यासाठी, तपासला. पूर्ण गुण. त्याचा तिला काही उपयोग नव्हता, तो महिना केव्हाच निघून गेला होता. तरी मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या की मॅडम. त्या काकाचे पैसे आले का?" मी ते बघितलंच नव्हतं. मग शोधून काढलं. आले होते, नवव्या दिवशी.

आमचे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, सगळे तक्रार नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि त्यांच्यामधे पेन्सिलीनं बारा-तेरा आकडी नंबर. या भाद्रपदात त्यांच्या बॅटरीच्या फवारणी पंपानं दगा दिला. वॉरंटीत होता. त्यांनी कंपनीला फोन केला, नंबर घेतला आणि पुढच्या मंगळवारच्या चौकोनात लिहिलं, 'सकाळी ११ ला बाई फोन करणार'. मला मनातून वाटत होतं, कुणी फोन करत नसतं.

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मामांनी स्पीकर लावला. तिकडची मुलगी नाव सांगतच होती, तेवढ्यात तिच्यामागं कुकरची शिट्टी झाली, लांबलचक. ती गडबडली, सॉरी सर, सॉरी म्हणायला लागली. मामा म्हणाले, "अगं माय, किती झाल्या शिट्ट्या?"

ती म्हणाली, "चार."

"मग जा, बंद करून ये. डाळ लागंल. मी हाय हितंच."

आणि मामा फोन हातात धरून, कॅलेंडरसमोर, थांबले. स्पीकरमधून चप्पल वाजल्याचा, भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग ती परत आली, थोडा दम लागलेला. "हां काका, सांगा." मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि भिंतीवरचा नंबर एकेक आकडा करत वाचायला सुरुवात केली.